देवबागच्या गर्दीत शिरावं, की आचऱ्याचं घर उघडावं?

पत्र : मी ४४ वर्षांची, डोंबिवलीत राहते. यजमानांचं मालवणजवळ आचऱ्याला वडिलोपार्जित चिरेबंदी घर आहे. चार खोल्या नीट होण्यासारख्या आहेत, समुद्र दहा मिनिटांच्या चालीवर आणि डागडुजीचा अंदाज १४ लाखांचा. दुसरीकडे तारकर्लीला लागून असलेल्या देवबागला ओळखीतून सहा खोल्यांचं तयार रिसॉर्ट वर्षाला सहा लाख भाड्याने मिळतंय, डिपॉझिट तीन लाख. हाताशी आठ लाख आहेत, वर कर्ज काढावं लागेल. यजमान म्हणतात, जिथे दहा दुकानं तिथेच गिऱ्हाईक, आचऱ्याला कोण फिरकणार? सासूबाई म्हणतात, स्वतःचं घर असताना लोकांना भाडं कशाला भरायचं? मला दोघांचंही पटतं. काय करू? — स. प., डोंबिवली

उत्तर : नमस्कार स. प. ताई,

तुमचे यजमान चुकीचं बोलत नाहीत, म्हणून सुरुवात त्यांच्या मुद्द्यापासून करू. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर साड्यांची दुकानं एकमेकांना चिकटून का असतात, तर गिऱ्हाईक एका दुकानाचं नाव घेऊन निघत नाही, रस्त्याचं नाव घेऊन निघतं. पर्यटनातही तेच. कोल्हापुरातलं कुटुंब गुरुवारी रात्री ठरवतं, ‘शनिवारी तारकर्लीला जाऊया.’ खोली कुठली हे त्यानंतर, बऱ्याचदा गाडीत बसल्यावर ठरतं. तारकर्ली हे नाव लोकांच्या तोंडी बसायला फार वर्षं आणि फार हात लागले. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधलेला सिंधुदुर्ग किल्ला, १९९७ साली जिल्ह्याला मिळालेला पर्यटन जिल्ह्याचा दर्जा, एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) निवासस्थान, स्कूबाच्या होड्या, देवबागच्या संगमावरचं त्सुनामी बेट, या सगळ्यांनी मिळून ते नाव कमावलं. देवबागेत खोली घेणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी आयतं मिळतं.

एवढंच नाही. धंद्याला लागणारी माणसं आणि वस्तू तिथे हाकेच्या अंतरावर असतात. एसी बंद पडला तर त्याच दिवशी मिस्त्री येतो. धोबी, सिलिंडरवाला, बोटवाला, मासे साफ करून देणारी बाई, सीझनला येणारा आचारी, सगळे जवळ. शनिवारी शेजारचं रिसॉर्ट भरलं की तिथून परत फिरलेली गाडी तुमच्या दारात उभी राहते. आचऱ्याला यातलं काहीही आपोआप होणार नाही.

पण खरा प्रश्न पुढे आहे. गर्दीमुळे जो जादा पैसा तयार होतो, तो शेवटी राहतो कुणाच्या खिशात? तुम्हाला सहा खोल्यांचे सहा लाख सांगितलेत, म्हणजे खोलीमागे वर्षाला एक लाख. याच बांधकामाला, याच फरशीला आणि याच पलंगांना चार डोंगर आत कुणी याच्या निम्मंही भाडं देणार नाही. मधला फरक आहे तो तारकर्ली-देवबाग या नावाचा, आणि तो जागेच्या मालकाने भाड्यात आधीच वसूल करून घेतलाय. पर्यटनाच्या गर्दीच्या ठिकाणी भाड्याने धंदा करणारे दमतात ते बहुतेक याच कारणाने. गल्ला भरलेला दिसतो, वर्षअखेर हातात काही नसतं.

आकडे मांडून बघू. खालचे दर आणि टक्के हिशोबाची पद्धत दाखवण्यासाठी धरले आहेत. तुम्ही स्वतः मोजणी करून त्या जागी आपले घाला. ती कशी करायची ते पुढे सांगतो.

ऑक्टोबर ते मे म्हणजे साधारण २४० रात्री. पावसाळा हिशोबात धरू नका. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि जलक्रीडा बंद असतात, जून-जुलैत मासेमारीही बंद. या २४० पैकी दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवं वर्ष, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि मे महिन्यातल्या मिळून ६० रात्री खऱ्या हंगामाच्या. इतर शनिवार-रविवारच्या ५०. उरलेल्या १३० रात्री आडवारच्या.

देवबागच्या सहा खोल्या हंगामात ९० टक्के भरल्या आणि दर ३,००० मिळाला, तर ३२४ खोली-रात्रींचे (एक खोली एक रात्र भरली की एक खोली-रात्र) ९,७२,०००. शनिवार-रविवारी ७० टक्के आणि २,२०० दराने २१० रात्रींचे ४,६२,०००. आडवारी २० टक्के आणि १,२०० दराने १५६ रात्रींचे १,८७,२००. एकूण गल्ला १६,२१,२००. ऐकायला उत्तम. आता खर्च. भाडं ६,००,०००. सत्तर टक्के बुकिंग ॲपवरून आलं आणि त्यावर १८ टक्के कमिशन गेलं तर साधारण २,०४,०००. धुलाई, वीज, साफसफाई, चहा-नाश्ता यांचे एका खोली-रात्रीमागे ४५० धरले तर ६९० रात्रींचे ३,१०,५००. दोन माणसांचा नऊ महिन्यांचा पगार महिना पंधरा हजारांनी २,७०,०००. दुरुस्ती आणि किरकोळ ८०,०००. उरतात दीड लाख आणि वर काही हजार. तुमची आणि यजमानांची मेहनत, डिपॉझिटमध्ये अडकलेल्या पैशांचं व्याज, डोंबिवलीहून होणारे हेलपाटे, सगळं यातूनच भागवायचं.

यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे हा दीड लाख फार हलक्या पायावर उभा आहे. हंगामातल्या फक्त दहा रात्री वादळापायी हातच्या गेल्या, तर ५४ खोली-रात्री जातात आणि कमिशन-खर्च वजा करून १,१७,००० चा खड्डा पडतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने याच किनाऱ्याला झोडपलं होतं, आणि ऑक्टोबरातला लांबलेला पाऊस कोकणात कुणाला नवा नाही. गल्ला थांबतो, भाडं थांबत नाही.

आडवारी दर इतका का पडतो, हेही समजून घ्या, कारण ‘गर्दीत धंदा’ याची दुसरी बाजू इथेच दिसते. बुधवारची दुपार आहे, गल्लीत तीस खोल्या रिकाम्या आणि तिघाचौघांच्या गाड्या येणार. सगळ्या खोल्यांत तोच एसी, तोच एलईडी, तीच फुलाफुलांची चादर, जेवणात तीच सुरमई थाळी. निवडायला दर सोडून दुसरं काही नाही. रिकामी खोली दिल्यावर आपला नवा खर्च ४५० होतो, त्यामुळे त्याच्या वर मिळेल ते घेऊया असं प्रत्येकाला वाटतं, आणि एकट्यापुरतं ते बरोबरही असतं. चार वाजता कुणी ॲपवर १,२०० लावतो, पाच वाजता शेजारी १,१००, सातला तिसरा ९००. पुढच्या बुधवारी गिऱ्हाईक ९०० पासूनच बोलायला सुरुवात करतं. एकसारखा माल जवळजवळ मांडला की गर्दीच दर पाडते.

अमेरिकेत टेक्सासमधल्या हॉटेलांवर चुंग आणि काल्निन्स या दोघांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. त्यात दिसलं ते असं : आसपास मोठी आणि साखळीतली हॉटेलं असली की शेजाऱ्यांचं उत्पन्न वाढतं आणि त्याचा सर्वांत जास्त लाभ छोट्या, स्वतंत्र हॉटेलांना होतो. मात्र छोट्या हॉटेलांकडून शेजाऱ्यांच्या पदरात तसं फारसं काही पडत नाही. म्हणजे किती शेजारी आहेत यापेक्षा कसले आहेत हे महत्त्वाचं. बाउम आणि हॅवमन यांनी मॅनहॅटनच्या हॉटेलांचा १८९८ पासूनचा इतिहास तपासला. तिथे नव्या हॉटेलांनी जागा निवडली ती दराने आपल्यासारख्या पण आकाराने वेगळ्या हॉटेलांजवळ. नाशिकला गंगापूर धरणाच्या परिसरात सुला ही मोठी वायनरी वाढली आणि मग तिथे आलेला माणूस यॉर्क, सोमा अशा लहान वायनरींतही डोकावू लागला. लहानाने मोठ्याच्या सावलीत बसावं, स्वतःसारख्याच दहा लहानांच्या मधोमध बसू नये. देवबागेत तुम्ही नेमक्या तिथेच बसणार आहात.

आता आचरा. इथे हात आखडता ठेवूनच आकडे धरू. चार खोल्या, हंगामात ६५ टक्के आणि २,६०० दर, म्हणजे १५६ रात्रींचे ४,०५,६००. शनिवार-रविवारी ४० टक्के आणि २,२००, म्हणजे ८० रात्रींचे १,७६,०००. आडवारी फक्त ८ टक्के, पण दर १,६००, कारण शेजारी दर पाडणारं कुणी नाही. ४२ रात्रींचे ६७,२००. एकूण ६,४८,८००. निम्मं बुकिंग ॲपवरून धरलं तर कमिशन ५८,०००, खोली-रात्रीचा खर्च १,२५,०००, मदतीला एक बाई नऊ महिने बारा हजारांनी १,०८,०००, दुरुस्ती ५०,०००. उरतात तीन लाखांच्या आसपास. गल्ला देवबागच्या निम्म्याहूनही कमी आणि शिल्लक जवळजवळ दुप्पट, ती केवळ भाडं नाही म्हणून. हंगामातल्या दहा रात्री गेल्या तरी इथे फटका ५०,००० चा.

वर जेवण आहे. देवबागेत पाहुणा खोलीत सामान टाकतो आणि जेवायला समोरच्या खानावळीत जातो. आचऱ्याला रात्री आठ वाजता तो जाणार कुठे? तुमच्याच पडवीत बसणार. खोलीमागे दोन माणसं आणि फक्त रात्रीचं जेवण धरलं, ताटामागे १२० रुपये सुटले, तरी वर्षाला ६६,००० होतात. सकाळचे घावणे किंवा आंबोळी नाश्त्यात, रात्री मासे, सोलकढी आणि भाकरी, शाकाहारी माणसाला काळ्या वाटाण्याची आमटी. एवढीच यादी ठेवा, पण रोज ताजी. चार खोल्यांच्या घराने मेनूकार्ड छापलं की फ्रीजमध्ये शिळं साठायला लागतं.

म्हणून सासूबाईंचं म्हणणं मानावं असा आमचा सल्ला आहे. पण कारण ‘भाडं वाचतं’ एवढ्यावर थांबत नाही. स्वतःचं घर आहे एवढ्या भांडवलावर चार खोल्या उघडून बसलात, तर यजमानांची भीती खरी होईल आणि आडवारचे ते आठ टक्के चारवर येतील. आचऱ्याला तारकर्लीचं नाव फुकट मिळत नाही, पण त्या नावाने येणारी माणसं उसनी घेता येतात. आचरा ते मालवण वीसेक किलोमीटर आहे. परत फिरलेली गाडी आपोआप येण्याइतकं ते जवळ नाही. मुक्काम तुमच्याकडे करून सकाळी स्कूबाला जाण्याइतकं नक्कीच जवळ आहे.

त्यासाठी विकायची ती दोन रात्रींची राहणी. एका रात्रीचं गिऱ्हाईक देवबागलाच जाणार, त्याच्यामागे लागू नका. पहिल्या सकाळी लवकर मालवण : स्कूबा आणि किल्ला एकाच फेरीत, दुपारी जेवायला परत. दुसरा दिवस गावाचा : रामेश्वराचं देऊळ, खाडी, आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायची वेळ असेल तर किनारा. रापणीत पाहुण्याला दोर धरायला मिळाला की तो त्याचे फोटो वर्षभर लोकांना दाखवतो. मात्र रापणकारांशी आधी बोला, त्यांचं काम अडवू नका, आणि मासे त्यांच्याकडूनच विकत घ्या. बोटवाला एकच ठरवा आणि तो स्वस्त आहे म्हणून ठरवू नका. परवाना, लाइफ जॅकेटं, होडीत किती माणसं भरतो, हे स्वतः डोळ्यांनी बघा. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. अशा बातमीत गावाचं नाव लागतं आणि नीट काम करणारेही त्याखाली भरडले जातात. गर्दीच्या ठिकाणी नाव जसं सामाईक, तशी बदनामीही सामाईक. आपण पाठवलेल्या पाहुण्याची जबाबदारी आपलीच, बोट दुसऱ्याची असली तरी.

ॲपवर जागेचं नाव लिहिताना ‘आचरा, मालवणजवळ’ असं लिहा. नकाशावरची खूण मात्र तुमच्या अंगणातच असू द्या. शोधात वर यावं म्हणून तारकर्लीवर खूण ठेवणारे लोक आहेत. पाहुणा रात्री नऊला अंधारात वीस किलोमीटर जादा गाडी चालवून येतो आणि दुसऱ्या दिवशी एक तारा देतो. चार खोल्यांच्या घराला पहिल्या वीस अभिप्रायांत असे दोन मिळाले तरी वर्ष वाया जातं. त्यापेक्षा आचऱ्याची जमेची बाजू सांगा : कणकवलीहून आचऱ्याला थेट रस्ता आहे, आणि २०२३ पासून धावणारी मुंबई-मडगाव वंदे भारत कणकवलीला थांबते. मुंबईहून रेल्वेने येणाऱ्याला तुम्ही देवबागपेक्षा सोयीच्या आहात. रेल्वेने येणारा माणूस एका रात्रीसाठी येत नाही. स्टेशनवर घ्यायला येणारी ठरलेली रिक्षा आणि तिचा ठरलेला दर हे बुकिंगच्या वेळीच कळवा.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की गावात तुम्ही एकट्या राहू नका. एकटं घर म्हणजे एकच कुटुंब आलं तरी भरलं, आणि दोन कुटुंबं एकत्र येणार असली की नाही म्हणायची वेळ. सहा-आठ घरांनी मिळून पंचवीस खोल्या झाल्या की शाळेची सहल, पक्षी बघणाऱ्यांचा गट, तीन गाड्यांचं गोत घेता येतं, आणि बोटवाला, रिक्षावाला तुम्हाला वेळ द्यायला लागतो. छोटी का होईना, गर्दी आपण आपल्या अटींवर जमवायची. आचरा, तोंडवळी, तळाशील या पट्ट्यात आधीपासून खोल्या देणारी घरं आहेत. त्यांच्याकडे स्पर्धक म्हणून जाऊ नका. रोज संध्याकाळी पाच वाजता व्हॉट्सॲपवर कुणाकडे किती खोल्या रिकाम्या ते टाकायचं, आपलं घर भरलं की पाहुणा पुढच्या घरी पाठवायचा, पाठवणाऱ्याला दहा टक्के. हिशोब दर सोमवारी चुकता करायचा. महिनाभर थकला की गट मोडतो. इथे एक सावधगिरी : सगळ्यांनी मिळून दर ठरवून घेऊ नका. स्पर्धा कायद्यात ते बसत नाही, आणि टिकतही नाही. ठरवायचा तो दर्जा. पलंगामागे चादरींचे तीन संच (एक वापरात, एक धुण्यात, एक कपाटात), गरम पाणी, वीज गेली तरी पंखा-दिवा चालवणारा इन्व्हर्टर, पिण्याच्या पाण्याची वर्षातून एकदा तपासणी. आणि सगळ्यांनी एकच सोंग वठवू नका. तुमचं घर जेवणासाठी ओळखलं जाऊ दे, दुसऱ्याचं खाडीतल्या होडीसाठी, तिसऱ्याचं आमराईसाठी. देवबागच्या गल्लीत बुधवारी जे होतं ते टाळायचा दुसरा मार्ग नाही.

आचऱ्याची गावपळण तुम्हाला ठाऊक असेलच. काही वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळं गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. त्या तारखांची बुकिंगं बंद ठेवावी लागतील. तारीख जाहीर झाल्या दिवशी ॲपवरच्या खोल्या बंद करा आणि आधीच घेतलेल्या पाहुण्यांना स्वतः फोन करा.

आता कागद. सगळ्यांत आधी सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या नोंदीचा उतारा) काढा. कोकणातल्या वडिलोपार्जित घरावर दीर, नणंदा, चुलते यांची नावं असणारच. डागडुजीवर एक रुपया घालण्याआधी सर्व सहहिस्सेदारांची नोंदणीकृत संमती घ्या. तीत किती वर्षं धंदा चालवणार, गणपतीत आणि जत्रेत घरच्यांना कुठल्या खोल्या राहणार, आणि पुढे वाटणी झाली तर तुम्ही घातलेले १४ लाख कसे धरायचे, हे तिन्ही लिहा. धंदा नीट चालायला लागला की हीच घरं भांडणात बंद पडतात.

घर सीआरझेडच्या (किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या) पट्ट्यात येतं का, ते नकाशावर पाहून घ्या. येत असेल तरी घाबरू नका. २०१९ च्या अधिसूचनेने स्थानिकांना आपल्या राहत्या घरात होमस्टे करायला वाव दिला आहे, पण घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग न बदलता. म्हणून मागे संडास-न्हाणी वाढवणं किंवा पुढे पक्का मंडप घालणं हे विचारल्याशिवाय करू नका. खोल्यांना जोडून न्हाणीघर हवंच असेल तर आहे त्याच भिंतींच्या आत बसवा. सेप्टिक टँकचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ ते २० मीटर लांब. किनाऱ्यालगतच्या वाळूत घाण पाणी लवकर पाझरतं, आणि दाट वस्तीच्या पर्यटन गावांत विहिरी आधी यानेच जातात.

पर्यटन संचालनालयाकडे होमस्टे किंवा निवास-न्याहारी म्हणून नोंदणी तुमच्या नावावर करा, यजमानांच्या नाही. कारण संचालनालयाच्या ‘आई’ योजनेत महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांपर्यंतचं व्याज परत मिळतं, सात वर्षं किंवा एकूण साडेचार लाख, यांतलं जे आधी होईल तोवर. क्रम महत्त्वाचा : आधी संचालनालयाचं पात्रता प्रमाणपत्र, मग बँक. हप्ते वेळेवर भरले नाहीत तर परतावा अडकतो. आठ लाखांतले चार घाला, दहा कर्ज घ्या, आणि उरलेल्या चार लाखांना पहिली दोन वर्षं हात लावू नका. जीएसटीची काळजी सध्या नको, तुमची उलाढाल २० लाखांच्या आत राहील. ॲपवरून आलेल्या खोलीवरचा कर ॲपवालेच भरतात.

यजमानांना आकडे कागदावर पटणार नाहीत, म्हणून दोघांनी मिळून मोजणी करा. डिसेंबर ते फेब्रुवारीत एक मंगळवार, एक साधा शनिवार आणि जोडून सुट्टी आलेला एक शनिवार निवडा. देवबाग-तारकर्ली रस्त्यावर रात्री साडेनऊला गाडी हळू चालवत न्या आणि तुम्हाला मिळतंय त्या ताकदीच्या वीस जागांपुढे उभ्या गाड्या मोजा. पाट्याही लिहा. एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर, एमएच १० सांगली, केए २२ बेळगाव : ही मंडळी बहुधा एक रात्र राहतात. एमएच १२, १४ पुणे-पिंपरी, एमएच ०१ ते ०५ मुंबई-ठाणे-कल्याण : यांच्या दोन रात्री होऊ शकतात. एमएच ०७ आपल्याच जिल्ह्याची, ती वगळा. दर संध्याकाळी सहाला त्या वीस जागांचे ॲपवरचे दर टिपा. मंगळवारचा सरासरी दर आणि उभ्या गाड्या वरच्या हिशोबात घातल्या की चित्र स्पष्ट होईल. शेवटचं काम एप्रिल-मेमध्ये : त्या रिसॉर्टच्या विहिरीचं पाणी चाखून बघा आणि टँकर किती पडतो ते मालकाला नाही, टँकरवाल्याला विचारा. समुद्र आणि कर्ली नदीच्या मधल्या त्या चिंचोळ्या पट्टीत उन्हाळ्याला पाणी मचूळ होणं आणि पावसात किनाऱ्याची धूप होणं, ही दोन्ही दुखणी जुनी आहेत.

एवढं करूनही देवबागच हवं असं ठरलं, तर दोन अटींवर. पहिली, भाडं सहा लाख ठोक नको. अडीच लाख किमान, अधिक गल्ल्याच्या पंधरा टक्के. वरच्या गल्ल्यावर ते ४,९३,००० होतं, म्हणजे चांगल्या वर्षी मालकाचं लाखभराने कमी. पण वाईट वर्षात तो तुमच्याबरोबर खाली येतो. करार नोंदणीकृत असावा, आणि त्या इमारतीला लागणाऱ्या परवानग्यांच्या प्रती त्याला जोडलेल्या असाव्यात. दुसरी, आडवारसाठी वेगळं गिऱ्हाईक आधी शोधा. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पाण्यात उतरण्याचा पहिला प्रमाणपत्र अभ्यासक्रम तीन-चार दिवस चालतो आणि शिकणारे आडवारीही येतात. ओले कपडे वाळवायला दोऱ्या, सामान धुवायला गोड्या पाण्याचा हौद, पहाटे साडेपाचला चहा आणि चार रात्रींचा एक दर, एवढं दिलंत तर समोरच्या नऊशे रुपयांच्या खोलीशी तुमची बरोबरी कुणी करणार नाही. या दोन्ही अटी मालकाला मान्य नसतील तर नमस्कार करून उठा.

आचऱ्याचं ठरलं तर वेळापत्रक उलटं मोजा. पहिला पाहुणा दिवाळीच्या सुट्टीत हवा. कौलं परतणं, वासे बदलणं, चिऱ्याचं काम आणि शोषखड्डा मे महिन्याच्या मध्यापर्यंत संपलं पाहिजे. पावसात चिरा पाणी पितो आणि गवंडी शेतावर जातात. आतला रंग, वायरिंग, नळ सप्टेंबरात. म्हणजे सहहिस्सेदारांच्या सह्या जानेवारीपर्यंत आणि बँकेची मंजुरी फेब्रुवारीत. मोजणीसाठी मालवणला जाल तेव्हाच एक दिवस वाढवून दिरांकडे सह्यांचं बोलून या.